तह मुंगीला, जीव पुण्याला

शेवगाव तालुक्यात गोदावरीच्या काठी मुंगी नावाचं गाव आहे. पालखेडला निजामाची कोंडी करून बाजीराव पेशव्यांनी त्याला शरण आणलं, आणि ६ मार्च १७२८ रोजी जो तह झाला तो मुंगी-शेवगावचा. तेव्हा बाजीराव सत्तावीस वर्षांचे होते. पुढे बारा वर्षांनी, फेब्रुवारी १७४० मध्ये, निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी तह झाला तोही इथेच, मुंगी-पैठणला. या दुसऱ्या तहाच्या वेळी बाजीरावांची प्रिया मस्तानी पुण्यात कैदेत होती. बाजीराव मोहिमेवर असतानाच घरच्यांनी तिला अटकेत टाकलं होतं. तह उरकून बाजीराव पुण्याला आले नाहीत, उत्तरेकडे निघाले. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदेकाठी रावेरखेडी इथे ज्वराने त्यांचा अंत झाला. मागोमाग मस्तानीही गेली. तिची कबर पाबळला आहे.

ना. सं. इनामदारांची ‘राऊ’ ही कादंबरी १९७२ साली आली ती याच कहाणीवर. पुढे २०१५ साली तिच्यावरून हिंदी चित्रपट निघाला आणि बाजीराव-मस्तानी घराघरांत पोहोचले. पडद्यावर डोळ्यांत भरतात ते महाल, दिवे आणि नाच. कादंबरी वाचताना मात्र मनात राहते ती घोड्यावर गेलेली वर्षं. बाजीरावांची पेशवाई वीस वर्षांची, आणि तिचा मोठा भाग तंबूत गेला. बुंदेलखंडात छत्रसालाच्या मदतीला धावून जाताना मस्तानी आयुष्यात आली. म्हणजे मोहिमेनेच ती दिली आणि मोहिमेनेच ती हिरावली. घरच्यांचा विरोध तर पहिल्या दिवसापासून होता, पण बाजीराव वाड्यात असताना तिच्या अंगाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. विरोधाला बळ आलं ते त्यांच्या गैरहजेरीमुळे. लष्करी विरह प्रेमाचं काय करतो, ते या एका गोष्टीत लख्ख दिसतं. माणूस लांब गेला की त्याच्या माणसाला कुणी वाली उरत नाही.

शिलंगणापासून पावसाळ्यापर्यंत

मराठी फौजांचं वर्ष दसऱ्याला सुरू होई. पाऊस सरलेला, नद्यांना उतार, रानात घोड्यांना चारा. शिलंगणाचं सोनं लुटलं की डेरे बाहेर पडत आणि पुढच्या मृगाच्या आत परतत. त्यामुळे दिवाळी हा मागे राहिलेल्यांचा पहिला सण. पाडव्याला ओवाळायचं ताट तयार, आणि ज्याला ओवाळायचं तो खानदेशाच्या पलीकडे. माळवा, बुंदेलखंड, दिल्ली असा पल्ला वाढत गेला तशी एका हंगामात परत येणं अवघड झालं. फौजा पावसाळाही उत्तरेतच छावणी करून काढू लागल्या. खबर यायची ती जासुदांच्या हातून, तीही दरबारची. शिलेदाराच्या घरी पोहोचायची ती तिसऱ्या-चौथ्या तोंडची.

घरातलं हे रितेपण इतिहासाच्या कागदात सहसा सापडत नाही. ते सापडतं लावणीत. नगर जिल्ह्यातल्या संगमनेरचे अनंत फंदी (१७४४ ते १८१९) हे त्या काळचे गाजलेले शाहीर. खर्ड्याच्या लढाईवर त्यांचा पोवाडा आहे. ही लढाई ११ मार्च १७९५ रोजी जामखेड तालुक्यात झाली. फंदींच्या काळातल्या शाहिरी लावणीत एक स्त्री पुन्हा पुन्हा भेटते. नवरा स्वारीवर गेलेला, ती महिने मोजते, मैत्रिणीपाशी मन मोकळं करते, त्याला दूषणं देते आणि लगेच त्याच्या सुखरूपतेसाठी देवाला साकडं घालते. शृंगार म्हणून आपण या लावण्या ऐकतो. त्यांच्यातला राग मात्र खरा आहे. पोवाड्याने लढणाऱ्याची बाजू मांडली आणि लावणीने थांबणारीची. एकाच शाहिराच्या डफावर दोन्ही वाजत होतं, हे मराठी साहित्याचं मोठं भाग्य.

याच फंदींना अहिल्याबाई होळकरांनी उपदेश केला आणि ते तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाई जामखेडजवळच्या चौंडीच्या. त्यांचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने पडले. सासरे मल्हाररावांनी त्यांना सती जाण्यापासून परावृत्त केलं. विरहाच्या लावण्या रचणारा शाहीर आणि रणात पती गमावलेली राणी, दोघंही याच जिल्ह्याच्या मातीतली.

न संपणारी वाट

इनामदारांनी लष्करी विरहाच्या या विषयावर दुसरी कादंबरी लिहिली ती ‘शिकस्त’. तिची नायिका पार्वतीबाई, सदाशिवराव भाऊंची पत्नी. भाऊंनी १७५९ साली नगरचा किल्ला घेतला, पाठोपाठ उदगीर जिंकलं आणि १७६० च्या मार्चमध्ये परतूडहून उत्तरेची वाट धरली. पार्वतीबाई बरोबर गेल्या. म्हणजे मस्तानीसारखी मागे राहण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. तरी १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी पानिपतावर ताटातूट झालीच. भाऊ पडले असं सगळे म्हणाले, पार्वतीबाईंनी ते कधीच मानलं नाही. कुंकू पुसलं नाही, बांगड्या उतरवल्या नाहीत. पुढे एक तोतया ‘मीच भाऊ’ म्हणत कोकणात उभा राहिला आणि १७७६ साली त्याला देहदंड झाला. त्या सगळ्या काळात शनिवारवाड्यातल्या या बाईच्या मनाचं काय झालं असेल, हे विचारण्याची गरज बखरकारांना वाटली नाही. ते विचारलं कादंबरीकाराने.

हे फक्त पेशवाईतलं दुःख नव्हे. फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे १९७१ च्या डिसेंबरात पाकिस्तानवरच्या हवाई मोहिमेत बेपत्ता झाले. त्यांची पत्नी दमयंती तांबे बॅडमिंटनची राष्ट्रीय विजेती, अर्जुन पुरस्काराची मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. २००७ साली पाकिस्तानच्या तुरुंगांत आपल्या माणसांचा शोध घ्यायला गेलेल्या नातेवाइकांमध्ये त्या होत्या. अशा बेपत्ता सैनिकांची संख्या ५४ सांगितली जाते. तितक्या घरांत पार्वतीबाईंचं आयुष्य पुन्हा जगलं गेलं.

पलटणीचं गाव

नगर हे आज लष्कराचं शहर आहे. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथे आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं केंद्र इथे आहे, १९९४ साली उघडलेलं रणगाडा संग्रहालय इथे आहे. देशभरातली पोरं इथे येतात, कसम परेड करून पलटणीत जातात. आणि जिल्ह्यातल्या गावांतली पोरं जम्मूला, सिक्कीमला, राजस्थानच्या वाळूत असतात. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव मराठा पलटणीतून इटलीपर्यंत गेले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांनी जखमी सोबत्यांना गोळीबारातून वाहून आणलं आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्या महायुद्धात मराठी पोरं समुद्रापार वर्षानुवर्षं होती. मागे घरं होती, आणि त्या घरांचं नाव कुठल्या पदकावर कोरलेलं नाही.

नियमित सेवेतल्या जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक रजा आणि ३० दिवसांची किरकोळ रजा मिळते. संसार या दिवसांत बसवायचा. पेरणी, बहिणीचं लग्न, आईचं डोळ्याचं ऑपरेशन, घराचा स्लॅब, पोराचा शाळाप्रवेश, सगळं रजेत. नवरा-बायकोच्या वाट्याला येतात ते उरलेले दिवस. लग्न झालं की त्याची नोंद ‘पार्ट टू ऑर्डर’ या लष्करी आदेशपत्रात निघते, मूल झालं की तीही निघते. फील्ड पोस्टिंग असेल तर कुटुंब नेता येत नाही. पीस पोस्टिंग मिळालं तरी क्वार्टरसाठी नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं, आणि तोवर पुढची बदली जवळ आलेली असते. पूर्वी निळं आंतर्देशीय पत्र यायचं, पत्त्यावर गावाचं नाव नाही, नुसता लष्करी टपालाचा पत्ता, ‘५६ एपीओ’. आता व्हिडिओ कॉल आहे. पण रेंज नसलेल्या चौकीवरून चार दिवस फोन आला नाही, की घरातली बाई टीव्हीवरची बातमी कशी बघते, ते तिलाच ठाऊक.

‘राऊ’ आणि ‘शिकस्त’ यांनी शिकवलं ते हे, की युद्धाची कादंबरी लिहायची असेल तर रणांगणाइतकंच माजघर पाहावं लागतं. इनामदारांच्या हाती दफ्तरं होती, बखरी होत्या. आजच्या जवानाच्या संसाराची दफ्तरं कुठे आहेत? ती पारनेर, श्रीगोंदा, पाथर्डी, संगमनेरच्या घरांत, माळ्यावरच्या काळ्या पत्र्याच्या ट्रंकेत आहेत. निवृत्त फौजीच्या घरात दिवाळीची आवराआवर निघाली की सगळ्यात आधी बाहेर जातात ते हेच कागद. वाचकहो, यंदा तसं करू नका. तुमच्या घरात पलटणीतून आलेली पत्रं असतील तर ती कोरडी करून, साल लिहून जपून ठेवा. आजी-काकूंना त्या वर्षांबद्दल विचारा आणि त्या सांगतील ते लिहून घ्या. द्यायची तयारी असेल तर गावच्या वाचनालयाला त्यांची नक्कल द्या. पुढची मोठी मराठी प्रेमकथा त्या पत्रांतून येईल, ती रद्दीत जाऊ देऊ नका.