पुराचे इशारे: मोबाईलवर आलेला मेसेज घरात मोठ्याने वाचा

पावसाळा लागला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'रेड अलर्ट'चे मेसेज येऊ लागतात. त्यातले निम्मे मागच्या वर्षीचे असतात. त्यामुळे खरा इशारा आला तरी लोक म्हणतात, "रोजचंच आहे हे." म्हणून हे इशारे नेमकं काय सांगतात ते आधी समजून घेऊ.

हवामान खात्याचे रंग पावसाचे असतात, पुराचे नव्हे. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. चोवीस तासांत 204.5 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर त्याला अत्यंत मुसळधार म्हणतात. हा रंग अख्ख्या जिल्ह्याला दिलेला असतो. तुमच्या गल्लीत पाणी येणार की नाही, हे त्यावरून कळत नाही.

ते नदी सांगते. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी मोजतात: 39 फूट इशारा, 43 फूट धोका. सांगलीत आयर्विन पुलावर कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोका 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं, आयर्विनवर 57 फुटांच्या पुढे. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद होता. ती बकरी ईद दोन्ही शहरांतल्या कितीतरी घरांनी पाण्याच्या धास्तीत काढली.

आमच्या मते लोक फसतात ते एका गोष्टीवर. सांगलीत ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते. कारण पाऊस पडलेला असतो महाबळेश्वर, कोयनेच्या डोंगरात. ते पाणी खाली यायला वेळ लागतो. म्हणून आभाळाकडे न बघता धरणाच्या विसर्गाकडे बघा. बातमीत 'क्युसेक' येतं ना, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण 28 लिटर पाणी. राधानगरीचे सात दरवाजे तर स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या उंचीला आलं की आपोआप उघडतात, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. पातळी किती आहे यापेक्षा तासाला किती इंच चढतेय हे विचारा. घर सोडायचं की नाही, ते त्यावर ठरतं.

आता रस्त्याचं. आपल्याकडे 'अमुक बंधारे पाण्याखाली' अशी बातमी येते, ती आपण वाचून सोडून देतो. पण खेड्यापाड्यांत याच कोल्हापुरी बंधाऱ्यांवरून दूधवाले, शाळेची पोरं, लग्नाची वऱ्हाडं जातात. कठडा बऱ्याच ठिकाणी नसतोच. वर वीतभर गढूळ पाणी आलं की कड कुठे संपते ते दिसत नाही. वाहत्या पाण्यात सहा इंचांनीसुद्धा माणसाचा पाय सुटतो. फूटभर पाण्यात लहान गाडी तरंगायला लागते, दोन फुटांत जीपसुद्धा वाहून जाऊ शकते. पुढची एसटी गेली म्हणून आपली मोटारसायकल जाईल, हा हिशेब चुकीचा आहे. शिवाय खालचा रस्ता शाबूत आहे की खचलाय, हे वरून कुणालाच दिसत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस वाहून गेल्या. अंधारात पुढचा पूल गेलाय हे त्या चालकांना कळणार तरी कसं?

तेव्हा पाण्याआधीच गाडी वळवा. गाडी पाण्यात बंद पडलीच तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी ओढलं जातं. पाणी चढत असेल तर पट्टा सोडा, काच लगेच खाली करा आणि आधी मुलांना बाहेर काढा. बाहेर पाण्याचा दाब वाढला की दार उघडत नाही. पायी असाल तर विजेच्या खांबापासून, डीपीपासून लांब राहा.

घरातली एक गोष्ट राहिलीच. कित्येक घरांत नाना-नानींना उर्दू वाचता येतं, मराठी नाही, आणि सरकारी मेसेज येतो मराठीत किंवा इंग्रजीत. शाळेत जाणाऱ्या पोराला तो मेसेज सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला सांगा, आणि तारीखही वाचायला सांगा. आधार, रेशन कार्ड, दवाखान्याच्या चिठ्ठ्या प्लास्टिकच्या पिशवीत आधीच बांधून ठेवा. मदतीसाठी 112, जिल्हा नियंत्रण कक्षासाठी 1077. हे दोन्ही नंबर पोरांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा, कारण पुरात पहिल्यांदा मोबाईलची बॅटरी संपते.