जुन्या गाडीचे कोडे

गेल्या पावसाळ्यानंतर आम्ही बेळगावात एक जुनी पिकअप घेतली. गोव्याला भाजी पोचवून संसारास हातभार लावावा, हा हेतू. परंतु चोर्ला घाटात गाडी धापा टाकू लागली आणि डिझेल नफा गिळू लागले. इंजिन उतरविण्याचा खर्च ऐकून घर चिंतेत पडले.

एका वृद्ध मिस्त्रींनी मात्र प्रथम चाके पाहिली. आधीच्या मालकाने मापापेक्षा मोठे टायर बसविले होते. त्याने ओढ घटते. शिवाय मीटर प्रत्यक्षाहून कमी अंतर दाखवितो, म्हणून डिझेलचा हिशेब अधिकच वाईट भासतो. एअर फिल्टर धुळीने तुंबला होता, मागचे ब्रेकही धरून राहत होते. हे दोष निघताच घाट सुसह्य झाला.

वाचकहो, जुने वाहन घेताना रंगाआधी टायरवरील आकडे वाचावेत!