गव्हाणीतली तार, काळजातला घाव

महानगर म्हटले की उंच इमारती, उड्डाणपूल आणि मेट्रो डोळ्यांपुढे येतात. परंतु राजधानी दिल्लीच्या हद्दीत काकरोला, गोयला, नांगली सकरावती, झरोदा, भलस्वा, गाझीपूर, शाहबाद दौलतपूर, मदनपूर खादर आणि मसूदपूर अशा नऊ दुग्धवसाहती वसविण्यात आल्या, हे अनेकांना ठाऊक नसते. या वसाहतींमधील दावणीला प्रामुख्याने हरियाणाची काळीभोर मुऱ्हा म्हैस उभी असते. चांगल्या दुभत्या मुऱ्हा म्हशीची किंमत आज लाखाच्या घरात किंवा त्याहून अधिक असते. कित्येक कुटुंबांचा चरितार्थ अशा दोन-चार जनावरांवर चालतो. एखादे दिवशी धडधाकट म्हैस वैरण सोडते, दूध आटते आणि काही आठवड्यांत ती दगावते. अशा मृत्यूचे एक कारण असते वीतभरही लांब नसलेली तार!

जाळीपोटाचे रहस्य

गाय-म्हैस चारा फारसा न चावता गिळते आणि मग निवांतपणे रवंथ करते. शेळी ओठांनी पाला निवडून खाते. म्हशीला ती निवड जमत नाही. त्यामुळे भुशात वा आंबोणात मिसळलेला खिळा, सुई किंवा तारेचा तुकडा सहज पोटात जातो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात. त्यांपैकी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी नक्षी असलेल्या जाळीपोटात जड वस्तू अडकून राहतात. या कप्प्याच्या पुढे श्वासपटल आणि त्यापलीकडे अवघ्या काही सेंटिमीटरवर हृदय! जाळीपोट जोराने आकुंचन पावले की टोकदार तार पुढे सरकते. गाभणपणाच्या अखेरच्या महिन्यांत गर्भाशयाचा दाब आणि विताना लागणाऱ्या कळा तिला आणखी पुढे रेटतात.

तार हृदयाभोवतीच्या पिशवीत शिरताना सोबत जंतूही नेते. पिशवीत पू साचतो, हृदयाला प्रसरण पावण्यास जागा उरत नाही आणि परतणारे रक्त शिरांमध्ये तुंबते. हाच तो हृदयाचा निकामीपणा.

लक्षणे ओळखा

आरंभी दूध एकाएकी घटते, रवंथ मंदावते, पाठ कमानीसारखी वाकते. जनावर कोपर अंगापासून दूर ठेवून उभे राहते, उतारावर चालण्यास नाखूश असते आणि उठता-बसता कण्हते. निरोगी गुराची खांद्यावरील कातडी चिमटीत धरली की ते पाठ खाली घेते; वेदना असलेले जनावर तसे करण्याचे टाळते. पुढील अवस्थेत मानेची शीर दोरीसारखी फुगते आणि गळ्याखाली व छातीपुढे सूज उतरते. पशुवैद्यकास हृदयाचे ठोके दबलेले किंवा पाणी डचमळावे तसे ऐकू येतात. क्ष-किरण व सोनोग्राफीने निदान पक्के होते. तार जाळीपोटातच असेपर्यंत औषधोपचार वा पोटाच्या शस्त्रक्रियेने जनावर वाचू शकते. ती हृदयाशी पोहोचल्यावर मात्र आशा फारच थोडी उरते.

उपाय चुंबकाचा

या रोगावरील प्रतिबंधक उपाय साधा आहे. पशुवैद्यक तोंडावाटे एक गुळगुळीत चुंबक देतात. तो जाळीपोटात आयुष्यभर राहतो आणि लोखंडी तुकडे स्वतःला चिकटवून ठेवतो. चुंबक आधीच दिला आहे काय, हे होकायंत्राची सुई छातीजवळ धरूनही कळते. अर्थात तांबे वा ॲल्युमिनियमच्या तारेवर चुंबक चालत नाही, म्हणून मूळ दक्षता गव्हाणीपाशीच घ्यावी लागते. भुसा चाळून घ्यावा, गठ्ठ्यांच्या तारा मोजून उचलाव्यात, कुट्टी यंत्रावर चुंबक बसवावा. जळालेल्या टायरच्या तारा आणि बांधकामाचे खिळे गोठ्याभोवती राहू देऊ नयेत.

दिल्लीत ही दक्षता विशेष निकडीची आहे. गाझीपूरची कचराभूमी १९८४ मध्ये सुरू झाली आणि तिची क्षमता २००२ मध्येच संपली. तिच्या परिसरात दुग्धवसाहत आहे. गाझीपूर व भलस्वा येथील वसाहती अन्यत्र हलविणे आवश्यक आहे, असे मत दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये नोंदविले. तेथील जनावरे घातक कचरा खातील आणि ते दूध मुलांच्या पोटात जाईल, ही चिंता त्यामागे होती.

कर्ज, विमा आणि दक्षता

किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून पशुपालकांनाही लागू झाली. कर्जावर घेतलेल्या जनावराचा विमा उतरविताना कानातील बिल्ला जपणे अत्यावश्यक आहे; बिल्ला नसल्यास दावा सहसा नाकारला जातो. मृत्यू झाल्यास विमा कंपनीस त्वरित कळवावे आणि शवविच्छेदनाचा अहवाल घ्यावा. तारेचा दोष त्यातच उघड होतो आणि उरलेल्या दावणीलाही इशारा मिळतो.

विम्याची रक्कम नवे जनावर देईल, परंतु मध्यंतरी बुडालेले दूध आणि थकलेला हप्ता भरून येत नाही. गव्हाण भरण्यापूर्वी वैरणीवरून फिरविलेला हात ही पशुपालकाची सर्वांत स्वस्त आणि भरवशाची गुंतवणूक होय.