खाडीत कयाक न्यायच्या आधी

गेल्या बैठकीत गटाच्या कर्जातून कयाक घ्यायचा विषय निघाला आणि घरोघरी एकच प्रश्न सुरू झाला: उलटली तर? प्रश्न रास्त आहे, म्हणून किमतीआधी त्याचंच बोलू.

एका प्रकारच्या कयाकमध्ये पाय आत घालून बसतात. ती उलटली की पाण्याने भरते, आणि खोल पाण्यात एकटीला ते उपसणं फार कठीण. दुसरी वरून बंद असते, आपण तिच्या पाठीवर बसतो. वर आलेलं पाणी आरपार भोकांतून खाली जातं. गळाच्या मासेमारीला हीच घ्यायची. भोकं बघून घाबरू नका, आतली पोकळी वेगळी असते. जुनी घेताना मात्र ती पोकळीच तपासा. अर्धा तास पाण्यात ठेवा, वर काढा, बूच उघडा. पाणी आलं तर कुठेतरी चीर आहे. आम्हाला ‘नव्यासारखी’ म्हणून दाखवलेल्या एकीतून अर्धी बादली निघाली!

रुंदी 75 ते 85 सेंटीमीटर असू द्या. अरुंद कयाक पळते छान, पण तांबोशीने हिसका दिला की कलंडते. वजनाचा लिहिलेला आकडा पूर्ण धरू नका, दोन-तृतीयांश धरा. 120 किलो लिहिलं असेल तर 80. त्यात तुम्ही, बर्फ, मासळी, सगळं आलं.

लाइफ जॅकेट अंगात हवं, मागे बांधलेलं नव्हे. शिट्टी त्यालाच अडकवा. साडी पायात गुंतते, ती नकोच. सासूबाईंना सांगा, मी सांगितलंय.

नांगराची दोरी कयाकच्या टोकाला बांधायची, कुशीला कधीच नाही. ओढीच्या पाण्यात कुशीची दोरी कयाक आडवी करून उलटवते. दोरी कापायला सुरी हाताशी ठेवा. भरती लागली की खाडीत आत जायचं आणि ओहोटीने जोर धरायच्या आत परतायचं. मुखाकडे ओहोटी समुद्रात ओढते, तिथे वल्हं पुरत नाही. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, ही ओढ जास्तच.

आणि उलटलीच तर? कयाक सोडायची नाही. ती सरळ करायची, पलीकडची कड धरायची, पाय मारत पोटावर आडवं चढायचं, मग वळून बसायचं. ऐकायला सोपं आहे. मला चौथ्या वेळी जमलं, तेही छातीभर पाण्यात. हे ज्यांना जमेल त्यांनाच गट कयाक देणार, असं ठरलंय.

सराव रविवारी, सकाळच्या भरतीला, जेटीजवळ. जॅकेट गटाकडे आहेत, कोरडे कपडे आपापले आणा.