नावाच्या जागी प्रश्नचिन्हे का येतात?

गेल्या वर्षी एका संस्थेच्या गुणगौरव कार्यक्रमाला गेलो होतो. दहावी-बारावीच्या मुलामुलींची नावे सर्टिफिकेटवर मराठी आणि उर्दू अशा दोन्ही लिपींत छापायची, असे आयोजकांनी ठरवले होते. विचार चांगला होता. पण सर्टिफिकेट हातात पडली तेव्हा नावाच्या ओळीवर नुसती प्रश्नचिन्हे! एका मुलीने ते आपल्या अब्बूंना दाखवले. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "सर, हिच्या नावात काही चूक होती का?"

नावात काहीच चूक नव्हती. चूक नावे साठवणाऱ्या डेटाबेसच्या एका सेटिंगमध्ये होती. आज आपल्या मस्जिदींच्या, शाळांच्या, जमातींच्या याद्या कॉम्प्युटरवर जात आहेत आणि हे काम बहुतेक वेळा आपलीच कॉलेजची मुले करतात. म्हणून ही चूक नीट समजून घेऊ या.

कॉम्प्युटर अक्षर नाही, आकडा साठवतो

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही. प्रत्येक अक्षराला एक ठरलेला आकडा असतो. युनिकोडने जगातल्या लिपींना एकाच यादीत असे आकडे दिले. 1991 मध्ये त्याची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून देवनागरी आणि अरबी-उर्दू दोन्ही त्यात आहेत. हे आकडे साठवण्याची आज सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-8. ती 1992 मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी तयार केली.

यूटीएफ-8 मध्ये इंग्रजी अक्षराला 1 बाइट जागा लागते, उर्दू अक्षराला 2 आणि देवनागरी अक्षराला 3. इमोजीला साधारणपणे 4.

फातिमा हे नाव घ्या. आपण वाचतो फा-ति-मा, पण काना आणि वेलांटी कॉम्प्युटर वेगळी मोजतो. म्हणजे देवनागरीत 6 चिन्हे, 18 बाइट. उर्दूत फे, अलिफ, तोय, मीम, हे अशी 5 अक्षरे, 10 बाइट. इंग्रजीत 6 अक्षरे, 6 बाइट. नाव एकच, पण जागा तीन तऱ्हेची.

प्रश्नचिन्हे वेगळी, टोपीवाली अक्षरे वेगळी

मायएसक्यूएल हा डेटाबेस सर्व्हर खूप ठिकाणी वापरला जातो. 2018 मध्ये 8.0 आवृत्ती येईपर्यंत त्याचा डीफॉल्ट कॅरेक्टर सेट लॅटिन1 होता. लॅटिन1 पश्चिम युरोपच्या भाषांसाठी आहे, त्यात देवनागरीला किंवा उर्दूला जागाच नाही. जुना सर्व्हर अशा वेळी काय करायचा? जे अक्षर बसत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचा, एक वॉर्निंग द्यायचा आणि पुढे जायचा. ती वॉर्निंग कुणी वाचत नसे. 2015 च्या 5.7 आवृत्तीपासून सर्व्हर डीफॉल्टने कडक झाला. आता तो अशी नोंद घ्यायलाच नकार देतो आणि एरर दाखवतो. एरर आली की मुले वैतागतात, पण खरे तर ती एरर आपले नाव वाचवते.

कारण एकदा प्रश्नचिन्ह साठवले गेले की मूळ अक्षर गेले. सहा प्रश्नचिन्हे म्हणजे फातिमा, साजिदा की नादिरा, हे कुणीच सांगू शकत नाही. त्या संस्थेत कागदी फॉर्म कुणीतरी जपून ठेवले होते, म्हणून निभावले.

दुसरा प्रकार असा की, प्रश्नचिन्हे नसतात, पण टोपी किंवा रेघ असलेली विचित्र युरोपीय अक्षरे दिसतात. इथे घाबरू नका. बहुतेक वेळा बाइट शाबूत असतात, फक्त चुकीच्या पद्धतीने वाचले जात असतात. ते परत मिळवता येतात.

दोन्हीतला फरक ओळखायला मायएसक्यूएलचे 'हेक्स' फंक्शन वापरा. उत्तरात '3एफ, 3एफ, 3एफ' अशी रांग दिसली तर ती खरीच प्रश्नचिन्हे आहेत, नाव गेले. 'ई0 ए4' किंवा 'ई0 ए5' दिसले तर आत देवनागरी जिवंत आहे. मात्र दुरुस्तीला हात लावण्याआधी पूर्ण डेटाबेसची कॉपी काढून वेगळी ठेवा.

यूटीएफ8 नावाचा धोका

मग टेबलाला 'यूटीएफ8' दिले की झाले, असे अनेकांना वाटते. मायएसक्यूएलमध्ये या नावाचा जुना अर्थ होता, एका अक्षराला जास्तीत जास्त 3 बाइट. मराठी आणि उर्दू त्यात बसतात, पण 4 बाइटचा इमोजी बसत नाही. पूर्ण यूटीएफ-8 हवे असेल तर 'यूटीएफ8एमबी4' लिहावे लागते. ते 2010 मध्ये 5.5.3 आवृत्तीत आले आणि 8.0 पासून तेच डीफॉल्ट आहे. हे टेबलावर तर हवेच, प्रोग्राम सर्व्हरशी जोडला जातो त्या कनेक्शनवरही हवे.

कापलेले नाव

पीएचपी भाषेत 'स्ट्रलेन' हे फंक्शन अक्षरे मोजते असा समज आहे. ते बाइट मोजते. 'फातिमा शेख' यात मोकळी जागा धरून 10 चिन्हे आहेत, पण बाइट 28. कुणी फॉर्मवर 20 ची मर्यादा घालून 'सबस्ट्र'ने नाव कापले तर 'फातिमा' पूर्ण येते, मोकळी जागा येते आणि 'श'च्या तीन बाइटपैकी फक्त एक येतो. आडनाव गेलेच, वर तो अर्धवट तुकडा सगळी नोंद बिघडवतो. चिन्हे मोजायला 'एमबी_स्ट्रलेन' आणि कापायला 'एमबी_सबस्ट्र' आहे.

दिसायला एक, आत दोन

ही अडचण खास आपल्या नावांची आहे. उर्दूत सय्यद लिहिताना मधली 'ये' उर्दू कीबोर्डने टाइप केली तर तिचा आकडा वेगळा, अरबी कीबोर्डने केली तर वेगळा. कागदावर दोन्ही नावे अगदी सारखी. पण पायथनमध्ये तुलना केली तर उत्तर येते 'फॉल्स'. मग एकाच मुलाची दोन नावे यादीत चढतात, किंवा शोधले तर नाव सापडतच नाही. 'काफ'चेही असेच.

देवनागरीत नुक्ता असलेला 'फ' दोन प्रकारे साठवता येतो: एकच चिन्ह म्हणून, किंवा साधा 'फ' आणि वर वेगळा नुक्ता. यावर पायथनच्या 'युनिकोडडेटा' मॉड्यूलमधले 'नॉर्मलाइझ' उपयोगी पडते. उर्दू 'ये' आणि 'काफ' मात्र ते एक करत नाही, तो नियम आपल्यालाच लिहावा लागतो.

उत्तर आधीच लिहिलेले होते

हे सगळे मी कुठून शिकलो? त्या प्रसंगानंतर यादी करणाऱ्या मुलांसोबत बसून मॅन्युअल वाचले. मायएसक्यूएलच्या मॅन्युअलमध्ये कॅरेक्टर सेट आणि युनिकोडवर पूर्ण प्रकरण आहे. पीएचपीच्या मॅन्युअलमध्ये 'स्ट्रलेन'च्या पानावरच लिहिले आहे की ते बाइट मोजते. पायथनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये युनिकोडवर वेगळा लेख आहे. सगळे फुकट आहे. इंग्रजी आहे, पण छोट्या वाक्यांचे आणि उदाहरणांसह.

आपली मुले मात्र व्हिडिओ पाहून कोड उतरवतात. मदरशात हदीस शिकताना आधी विचारतात, ही रिवायत कुणाकडून आली? तीच सवय इथेही लागते. व्हिडिओवाल्याने सांगितले ते कोणत्या आवृत्तीचे, मूळ पानावर काय लिहिले आहे, हे मुलाने एकदा तरी तपासावे.

कोणतीही यादी सुरू करण्याआधी एवढे करा. एक मराठी नाव, एक उर्दू नाव आणि एक इमोजी भरा, सेव्ह करा, बाहेर काढा आणि छापून बघा. बॅकअप घेतला तर तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून नावे वाचा. आणि नावे पडताळून होईपर्यंत कागदी फॉर्म फेकू नका.

दहा मिनिटांचे काम आहे. ते झाले तर पुढच्या कार्यक्रमात कुठल्या मुलीच्या अब्बूंना, तिच्या नावात काही चूक होती का, असे विचारावे लागणार नाही, इन्शाअल्लाह.