इंदूरच्या कृष्णपुऱ्यातली एक सकाळ

मागच्या शनिवार-रविवारी आम्ही चौघं मित्र पुण्याहून इंदूरला गेलो होतो. बाकीच्यांचं लक्ष तिथल्या सराफा बाजारातल्या खाण्याकडे. मी मात्र रविवारी भल्या सकाळी सगळ्यांना उठवून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांवर नेलं. जुन्या दगडी बांधकामांचं मला वेड आहे, म्हणून थोडं सांगतो.

राजघराण्यातल्या माणसाच्या स्मरणार्थ बांधलेली वास्तू म्हणजे छत्री. आपल्याकडे समाधी म्हणतात, तसंच. कृष्णपुऱ्यात खान नदीच्या काठी इंदूरच्या होळकर राजघराण्याच्या तीन छत्र्या आहेत.

एक कृष्णाबाईंची, म्हणजे दुसऱ्या मल्हाररावांच्या आईची. शेजारी दुसरे तुकोजीराव (राज्यकाळ १८४४ ते १८८६) आणि त्यांचे पुत्र शिवाजीराव यांच्या.

पुढे खांबांचा मंडप, मागे गाभारा, वर शिखर. लांबून देऊळच वाटतं! आत जायची घाई करू नका. आधी बाहेरून एक फेरी मारा, कोरीवकाम डोळ्यांच्या उंचीवर आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात ते फार सुंदर उठून दिसतं.

आपल्याकडच्या नीरेकाठच्या होळ गावावरून ज्या होळकरांना आडनाव मिळालं, त्यांच्या छत्र्या इथे माळव्यात पाहताना मला भरून आलं. इंग्रजांशी झालेल्या १८१८ च्या मंदसोर तहानंतर त्यांची राजधानी इंदूरला आली.

छत्र्यांपासून होळकरांचा राजवाडा चालत गाठता येतो. त्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे चार लाकडी.

जाणार असाल तर विचारा, दोन दिवसांचा बेत आखून देतो. माळव्यातल्या आणखी छत्र्या कोणी पाहिल्यात का?