संत्र्यांचे गणित आणि फाइलचा साचा

कार्तिक मास लागला की आमच्या पांढुर्णा-सौसर भागातील बगीच्यांत आंबिया बहाराच्या संत्र्यांची तोड सुरू होते. सौसरचा माल नागपूरच्या रस्त्याने सहज उतरतो. पांढुर्ण्याहून नागपूर एका बाजूस, तर मुलताई, बैतूल ओलांडून भोपाळ दुसऱ्या बाजूस. कोणता माल कोठे धाडावा, हा प्रश्न येथील घराघरांत दरवर्षी उभा राहतो. आम्ही आज त्याच प्रश्नाच्या एका उपेक्षित अंगाविषयी लिहिणार आहोत. गणित मांडले, संगणकही आणला. परंतु संगणकास ते गणित कोणत्या साच्याच्या फाइलमध्ये लिहून द्यावयाचे?

प्रथम गणित पाहू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. समजा, पांढुर्ण्यास १२ टन व सौसरास ८ टन संत्री आहेत. नागपूर व भोपाळ या दोन्ही मंड्यांस प्रत्येकी १० टन हवी आहेत. भाडे व आडत वजा जाता पांढुर्ण्याच्या मालाचे टनामागे नागपुरास २० हजार व भोपाळास २३ हजार रुपये हाती पडतात. सौसरच्या मालाचे अनुक्रमे २१ हजार व २२ हजार. चार अज्ञात राशी, चार अटी, आणि एकूण रक्कम जास्तीत जास्त व्हावी ही इच्छा. अशा मांडणीस रेषीय नियोजन म्हणतात. पांढुर्ण्याचे २ टन नागपुरास व १० टन भोपाळास, आणि सौसरचा सारा माल नागपुरास धाडला, तर ४,३८,००० रुपये मिळतात. विद्यार्थ्यांनी हे उत्तर कागदावर पडताळून पाहावे. फार वेळ लागत नाही.

चार अज्ञातांस कागद पुरतो, परंतु शेकडो गावे आणि डझनावारी मंड्या आल्या म्हणजे यंत्रावाचून गत्यंतर नाही. जॉर्ज डँझिग या अमेरिकन गणितज्ञाने १९४७ मध्ये अशा प्रश्नांसाठी ‘सिंप्लेक्स’ रीत शोधली. त्याच सुमारास स्वस्तात स्वस्त पौष्टिक आहाराचा एक प्रश्न या रीतीने सोडविण्यात आला. त्यात ७७ खाद्यपदार्थ व ९ पोषक घटक होते, आणि हातयंत्रांवर आकडेमोड करणाऱ्या कारकुनांचे सुमारे १२० मनुष्यदिवस त्यास लागले. पुढे १९८४ मध्ये ग्वाल्हेर येथे जन्मलेले व मुंबईच्या आय. आय. टी. त शिकलेले नरेंद्र करमरकर यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत असताना एक निराळी व वेगवान रीत प्रसिद्ध केली. मध्यप्रदेशातील मराठी वाचकांस याचा अभिमान वाटावा हे स्वाभाविक आहे. परंतु रीत सिंप्लेक्स असो वा करमरकरांची, तिच्यापुढे प्रश्न लिहूनच ठेवावा लागतो.

या लेखनाचा सर्वांत जुना आणि आजही सर्वत्र चालणारा साचा म्हणजे एम. पी. एस. आय. बी. एम. कंपनीच्या ‘मॅथेमॅटिकल प्रोग्रॅमिंग सिस्टिम’ या प्रणालीवरून त्यास हे नाव पडले. त्या काळी संगणकास मजकूर द्यावयाचा तो छिद्रे पाडलेल्या ८० स्तंभांच्या कार्डांवर. म्हणून या साच्यात प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली असे: नाव पाचव्या स्तंभापासून बाराव्यापर्यंत, आकडा पंचविसाव्यापासून छत्तिसाव्यापर्यंत. प्रथम अटींची नावे, मग एकेका अज्ञाताचे सहगुणक, मग अटींच्या उजव्या बाजू, मग मर्यादा. शून्य सहगुणक लिहावयाचाच नाही, त्यामुळे प्रचंड प्रश्नही थोडक्यात मावतो. जगभरचे संशोधक आपापल्या प्रणालींची परीक्षा ज्या प्रश्नसंग्रहांवर घेतात, त्यांतील पुष्कळसे प्रश्न याच साच्यात आहेत.

आता आमच्या गावाची अडचण पाहा. नावास जागा आठ अक्षरांची, आणि रोमन लिपीत ‘पांढुर्णा’ लिहावयास अक्षरे लागतात नऊ! सौसर सहांत बसते. ‘पांढुर्णा-नागपूर’ व ‘पांढुर्णा-भोपाळ’ अशी दोन नावे कोणी भोळेपणाने लिहिली आणि यंत्राने ती आठव्या अक्षरापाशी तोडली, तर दोहोंचे एकच नाव होते आणि दोन वाटा एकमेकींत मिसळतात. देवनागरीची तर गोष्टच सोडा. आजच्या प्रचलित युनिकोड लेखनात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात, म्हणून चार चिन्हांचे ‘सौसर’ देखील बारा बाइट व्यापते. पुढे स्तंभांचे बंधन सैल केलेला मोकळा एम. पी. एस. आला व लांब नावांची सोय झाली. मात्र त्यात नावामध्ये रिकामी जागा सोडून चालत नाही.

परंतु आमच्या मते याहून गंभीर दोष निराळाच आहे. रक्कम जास्तीत जास्त करावयाची की कमीत कमी, हे सांगण्याची जागाच मूळ एम. पी. एस. मध्ये नाही! बहुतेक प्रणाली ‘कमीत कमी’ असे गृहीत धरतात. आमचा वरील प्रश्न तसाच लिहिला, तर यंत्र पांढुर्ण्याचे १० टन नागपुरास, २ टन भोपाळास आणि सौसरचे आठही टन भोपाळास धाडावयास सांगेल. सर्व अटी पाळलेल्या, एकही मंडी उपाशी नाही, यंत्राची तक्रार नाही. हाती मात्र ४,२२,००० रुपये. सोळा हजारांची ही चूक उत्तराकडे नुसते पाहून कोणाच्याही ध्यानी येणार नाही. दिशा सांगणारा एक विभाग मागाहून काही प्रणालींनी जोडला, पण तो सगळ्याच ओळखतात असे नाही. तूर्त उपाय एवढाच की एकूण रकमेच्या राशीतील सर्व सहगुणकांची चिन्हे उलटवून ‘कमीत कमी’ चाच प्रश्न लिहावा.

अशीच गत पूर्णांकांची. ट्रक अर्धा धाडता येत नाही, म्हणून ट्रकांची संख्या पूर्णांक असल्याची खूण फाइलमध्ये करावी लागते. वरची मर्यादा लिहिली नाही, तर काही प्रणाली ती अनंत मानतात आणि काही चक्क १ मानतात! म्हणून मर्यादा नेहमी स्पष्ट लिहावी, मग ती अनावश्यक वाटली तरी.

दुसरा प्रचलित साचा एल. पी. या नावाचा. त्यात समीकरणे आपण वहीत लिहितो तशीच लिहितात, आणि ‘जास्तीत जास्त’ हा शब्द पहिल्याच ओळीत येतो. चूक शोधावयास तो फार सोयीचा. पण येथेही सावध राहावे, एल. पी. हेच नाव सांगणाऱ्या निरनिराळ्या प्रणालींच्या बोली वेगळ्या आहेत, आणि एकीची फाइल दुसरीस कळेलच असे नाही.

मूळ आकडे, म्हणजे कोणाकडे किती माल व कोठे काय भाव, हे मात्र यांपैकी कशातच कोंडू नयेत असे आम्हांस वाटते. भाव रोज बदलतो, अटी क्वचित. म्हणून आकड्यांचा साधा तक्ता निराळा ठेवावा व अटी निराळ्या. १९८५ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतच जन्मलेल्या ‘अँपल’ या भाषेने हाच विभाग मुख्य मानला. तक्त्यासाठी स्वल्पविरामांनी रकाने पाडणारी सी. एस. व्ही. फाइल पुरेशी आहे. केवळ आपली भारतीय सवय आवरावी लागते: एक लाख वीस हजार हे १,२०,००० असे हाताने लिहिले की यंत्र त्याचे तीन रकाने करते, आणि लाखाचा एकच रुपया उरतो.

अलीकडे मॅथऑप्टफॉरमॅट नावाचा एक नवा साचा निघाला आहे. त्यात दिशा लिहिणे सक्तीचे आहे, आणि नावे युनिकोडमध्ये असल्याने ‘पांढुर्णा’ हे आमच्या गावाचे नाव देवनागरीत, एकही अक्षर न तोडता लिहिता येते. तो थेट वाचणाऱ्या प्रणाली थोड्या आहेत. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांनी सध्या तक्ता सी. एस. व्ही. मध्ये ठेवावा, अटी एल. पी. मध्ये लिहून डोळ्यांनी तपासाव्या, आणि दुसऱ्या प्रणालीकडे प्रश्न धाडतानाच एम. पी. एस. वापरावा, धाडण्यापूर्वी वरील चार अज्ञातांचा प्रश्न त्याच मार्गाने पाठवून उत्तर ४,३८,००० येते की ४,२२,०००, एवढे पाहून घ्यावे.